दह्यातल्या, कोंबडीखाद्यातल्या 'कामाच्या' जिवाणूंकडेच अँटिबायोटिकला हरवणारी जनुकं असतील तर?

२०१४ सालची गोष्ट आहे. जर्मनीत पशुखाद्यात मिसळायच्या एका पावडरचा नमुना तपासणीला आला. पावडर होती व्हिटॅमिन बी-२ ची, म्हणजे रायबोफ्लेविनची. रंग पिवळाधमक, माल चीनमधून आलेला. कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात ही अगदी थोड्या प्रमाणात टाकतात. त्यात विशेष असं काहीच नव्हतं.

पण तपासणीत त्या पावडरमध्ये एक जिवंत जिवाणू सापडला, बॅसिलस सबटिलिस. हाच जिवाणू मोठमोठ्या टाक्यांमध्ये वाढवून त्याच्याकडून हे व्हिटॅमिन बनवून घेतलं जातं. काम झालं की जिवाणू बाजूला काढायचा आणि नुसतं व्हिटॅमिन विकायचं, अशी पद्धत. इथे तो पावडरसोबत थेट युरोपात पोहोचला होता. त्यात तो जनुकीय बदल केलेला होता, युरोपात त्याला परवानगी नव्हती आणि त्याच्या अंगात क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकला निकामी करणारं जनुक होतं. क्लोरॅम्फेनिकॉल म्हणजे एकेकाळचं टायफॉइडवरचं हुकमी औषध. ज्या जनावरांचं मांस-दूध माणूस खातो त्यांना ते देण्यावर युरोपात १९९४ पासून बंदी आहे.

युरोपातल्या सगळ्या देशांना सूचना गेली. पुढे २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने बॅसिलस सबटिलिसच्या एका स्ट्रेनपासून बनलेल्या ८० टक्के रायबोफ्लेविनला परवानगी नाकारली. कारण तेच होतं. तयार मालात जिवंत पेशी आणि अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जनुकांचा डीएनए शिल्लक राहत होता.

आता तुम्ही म्हणाल, कोंबडीच्या खाद्यातल्या पिवळ्या पावडरचं आपल्याला काय? तर संबंध असा आहे की याच पद्धतीने वाढवलेले जिवाणू आपल्या जेवणात रोज असतात.

आपण नेमके कोणते जिवाणू खातो?

सगळ्यात ओळखीचं उदाहरण विरजणाचं. चमचाभर दही कोमट दुधात घातलं की सकाळपर्यंत त्यातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि दही लागतं. चांगल्या दह्याच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवंत जिवाणू असतात. इडली-डोशाचं पीठ फुगतं तेही जिवाणूंमुळेच. चीज, ताक, श्रीखंडाचा चक्का, सगळीकडे हीच मंडळी.

दुसरा गट प्रोबायोटिकचा. बाटलीबंद पेयं, कॅप्सूल, बाळांसाठीचे थेंब आणि कोंबडीखाद्यात किंवा कोळंबीच्या तळ्यात टाकायची पाकिटं. इथे जिवाणू हाच माल असतो आणि तो जिवंत असणं हीच विक्रीची अट असते.

तिसरा गट मात्र आपल्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. कारखान्यात जिवाणूंकडून एन्झाइम, व्हिटॅमिन आणि अमिनो आम्लं बनवून घेतात. चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो आणि कोंबडीखाद्यातलं लायसिन ही दोन्ही कॉरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम नावाच्या जिवाणूकडून बनवून घेता येतात. १९५० च्या दशकात जपानमध्ये तो शोधला गेला. बेकरीत पीठ मऊ करायला वापरतात त्यातली बरीच एन्झाइम बॅसिलस जातीच्या जिवाणूंकडून येतात. या गटात जिवाणू मजूर असतो. तो आपल्या ताटात येणं अपेक्षित नसतं.

तिन्ही गटांना लागू होणारा प्रश्न एकच. या जिवाणूंकडे अँटिबायोटिकला हरवणारं जनुक असेल, तर ते आपल्या पोटातल्या एखाद्या रोगजंतूच्या हाती लागेल का?

हा प्रश्न फक्त प्रयोगशाळेपुरता नाही. 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली आलेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे दगावली. त्यात सर्वांत मोठा वाटा दवाखान्यांत आणि शेतीत अँटिबायोटिकचा वारेमाप वापर होण्याचा आहे, दह्याचा नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर उद्या फॅमिली ग्रुपवर 'दही खाऊ नका' असा फॉरवर्ड फिरायला लागेल.

एकच युक्ती, पण एक जन्मजात आणि एक उसनी

जिवाणू औषधाला दाद देत नाही याचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं होतं.

वॅन्कोमायसिन हे औषध घ्या. दवाखान्यात इतर औषधं चालेनाशी झाली की राखून ठेवलेल्या औषधांपैकी हे एक. जिवाणूच्या पेशीभिंतीच्या विटांना टोकाशी डी-ॲलनिन या अमिनो आम्लाची जोडी असते. वॅन्कोमायसिन त्या जोडीला जाऊन चिकटतं आणि भिंतीचं बांधकाम थांबतं. पण प्रोबायोटिकमध्ये वापरल्या जाणाऱ्या अनेक लॅक्टोबॅसिलस जातींमध्ये त्या टोकाला दुसऱ्या डी-ॲलनिनऐवजी डी-लॅक्टेट असतं. औषधाला पकडायला जागाच मिळत नाही. ही त्यांची जन्मजात घडण. ती त्यांच्या मुख्य गुणसूत्राचाच भाग असल्यामुळे सहजासहजी उचलून दुसऱ्याला देता येत नाही.

आता एन्टेरोकोकस नावाचा दुसरा जिवाणू पाहा. हा आतड्यात राहतो आणि दवाखान्यातल्या रुग्णांमध्ये गंभीर संसर्ग करू शकतो. त्याच्यातल्या काही स्ट्रेननी हीच डी-लॅक्टेटची युक्ती मिळवली आहे. पण ती त्यांची स्वतःची नाही. व्हॅन-ए नावाच्या जनुकांचा एक संच त्यांना बाहेरून मिळाला आणि तो संच डीएनएच्या एका उड्या मारणाऱ्या तुकड्यावर बसलेला असतो. म्हणजे तो इथून तिथे जाऊ शकतो. परिणाम सारखाच दिसतो, धोका मात्र जमीन-अस्मानाचा.

जनुकं इकडून तिकडे नेणारी सर्वांत सोयीची गाडी म्हणजे प्लाझ्मिड. मुख्य गुणसूत्रापासून वेगळं असं डीएनएचं छोटं कडं. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की एक जण प्लाझ्मिडची प्रत दुसऱ्याला देऊ शकतो. दोघे एकाच जातीचे असायला हवेत असंही काही नाही. याशिवाय काही जिवाणू मेलेल्या पेशीतून बाहेर पडलेला उघडा डीएनएही उचलतात. आपला बॅसिलस सबटिलिस त्यातलाच. म्हणून जिवाणू मेला म्हणजे विषय संपला असंही होत नाही.

चीजमधली गोधडी

१९९७ साली 'नेचर'मध्ये एक छोटंसं टिपण छापून आलं. कच्च्या दुधापासून बनवलेल्या मऊ चीजमधून शास्त्रज्ञांनी लॅक्टोकोकस लॅक्टिस हा जिवाणू वेगळा केला होता. चीज बनवणाऱ्यांचा हा सर्वांत विश्वासू गडी. या स्ट्रेनला त्यांनी के-२१४ असं नाव दिलं. त्याच्यात एक प्लाझ्मिड होतं आणि त्यावर टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि स्ट्रेप्टोमायसिन या तीन औषधांना हरवणारी जनुकं होती.

त्याहून मजेशीर गोष्ट पुढे होती. हे प्लाझ्मिड आजीच्या गोधडीसारखं होतं. एक तुकडा स्टॅफिलोकोकसकडच्या जनुकाशी जुळणारा, एक लिस्टेरियाशी, काही भाग एन्टेरोकोकसशी. सगळे तुकडे शिवून एकच कापड. म्हणजे चीजमधला हा साधा जिवाणू कधीतरी, कुठेतरी रोगजंतूंच्या संगतीत राहून आला होता. देवघेव दोन्ही बाजूंनी होऊ शकते हे यातून कळलं, आणि अन्नातल्या जिवाणूंकडे बघण्याची शास्त्रज्ञांची नजर बदलली.

पोटात ही देवघेव खरंच होते का? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अन्नातून मिळालेले लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम आणि एक एन्टेरोकोकस अशा उंदरांच्या आतड्यात सोडले, ज्यांच्या पोटात दुसरे जिवाणूच नव्हते. टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिनला हरवणारी जनुकं असलेली प्लाझ्मिडं एन्टेरोकोकसकडे गेली. पण माणसाचं आतडं म्हणजे दादर स्टेशन. तिथे गर्दीत कोण कोणाला काय देतंय हे पकडणं फार अवघड, आणि नवख्या जिवाणूला तिथे उभं राहायलाही जागा मिळत नाही.

पेरूमधल्या आईचं दूध आणि बाळांचे थेंब

या विषयातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

१९९० साली पेरू देशातल्या एका आईच्या दुधातून लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हा जिवाणू वेगळा करण्यात आला. पुढे तो एटीसीसी ५५७३० या क्रमांकाने ओळखला जाऊ लागला आणि बायोगाया या स्वीडिश कंपनीने तो प्रोबायोटिक म्हणून बाजारात आणला. मूळच आईच्या दुधातलं असल्यामुळे लहान बाळांसाठी याहून निर्धोक काय असणार, असं कोणालाही वाटेल.

त्याचा डीएनए नीट वाचला तेव्हा त्यात दोन प्लाझ्मिडं निघाली. एकावर टेट-डब्ल्यू, म्हणजे टेट्रासायक्लिनला हरवणारं जनुक. दुसऱ्यावर लिंकोमायसिनच्या गटातल्या औषधांना हरवणारं जनुक. दोन्ही उसनी, आणि दोन्ही गाडीत बसलेली. या जिवाणूमुळे कोणी आजारी पडलं होतं असं नाही. पण पोटात रोज कोट्यवधींच्या संख्येने सोडायच्या जिवाणूकडे असं सामान असावं का, हा प्रश्न होता.

संशोधकांनी जनुक-अभियांत्रिकी न वापरता ती दोन्ही प्लाझ्मिडं त्याच्यातून काढून टाकली. उरलेला जिवाणू तोच, फक्त गाड्या नसलेला. प्लाझ्मिडं गेल्यावर त्याचे प्रोबायोटिक गुण टिकले आहेत का, हेही तपासलं. ते टिकले होते. नव्या स्ट्रेनला डीएसएम १७९३८ हा क्रमांक मिळाला आणि २००८ साली हे काम प्रसिद्ध झालं. बाळांच्या पोटदुखीवर दिल्या जाणाऱ्या थेंबांवर बारीक अक्षरात 'डीएसएम १७९३८' दिसलं, तर त्या पाच आकड्यांमागे ही सगळी कहाणी आहे.

गंमत अशी की हा नवा स्ट्रेनही पेनिसिलिनच्या गटातल्या औषधांना पुरता बधत नाही. पण ते त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रातल्या बारीक बदलांमुळे आहे. दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून ते चालतं.

आणखी एक उपप्रश्न. जुना, प्लाझ्मिडं असलेला जिवाणू माणसांना देऊन त्यांच्या आतड्यातल्या इतर जिवाणूंकडे टेट-डब्ल्यू गेलं का, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाहिलं गेलं. तसं काही आढळलं नाही. मग जिवाणू बदलायची गरजच नव्हती, असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. थोड्या लोकांवरच्या अभ्यासात एखादी दुर्मीळ गोष्ट दिसली नाही, एवढ्यावरून लाखो बाळांना तोच जिवाणू द्यायचा ठरवणं योग्य नाही. विशेषतः जेव्हा तीच गोष्ट प्लाझ्मिडशिवाय देता येते.

सगळीच प्रकरणं इतकी सरळ सुटत नाहीत. दह्यांमध्ये आणि प्रोबायोटिकमध्ये जगभर वापरला जाणारा बायफिडोबॅक्टेरियम ॲनिमॅलिस लॅक्टिस घ्या. त्याच्या बहुतेक सगळ्या ओळखीच्या स्ट्रेनमध्ये टेट-डब्ल्यू आहे. ते प्लाझ्मिडवर नाही, मुख्य गुणसूत्रात आहे. पण त्याच्या शेजारी उड्या मारणाऱ्या डीएनएची खूण असलेलं एक जनुक आहे. मग हे जन्मजात मानायचं की उसनं? शास्त्रज्ञांमध्ये यावर बरीच चर्चा झाली आहे. जिवाणू मात्र दशकानुदशकं आपण खातोच आहोत.

आणि त्या प्लास्टिकच्या छोट्या कुप्या?

आपल्याकडे पोट बिघडलं की किंवा अँटिबायोटिकचा कोर्स चालू असला की डॉक्टर अनेकदा पाण्यासारख्या द्रवाच्या छोट्या कुप्या लिहून देतात. लहानपणी माझी आई ती कुपी मोडून सरळ तोंडात रिकामी करायची. त्यात बऱ्याचदा बॅसिलस क्लॉसी या जिवाणूचे बीजाणू असतात.

इथे गोष्ट उलटी आहे. हा जिवाणू मुद्दामच अँटिबायोटिकला दाद न देणारा निवडलेला आहे. कारण अँटिबायोटिक चालू असतानाच तो पोटात टिकायला हवा. त्याचे जे चार स्ट्रेन वापरतात त्यांची नावंच त्यावरून पडली आहेत. 'टी' म्हणजे टेट्रासायक्लिनला न बधणारा, 'ओ/सी' म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉलला, 'एन/आर' म्हणजे नोव्होबायोसिन आणि रिफॅम्पिसिनला, 'सिन' म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि निओमायसिनला.

मग हे कसं चालतं? ज्या जनुकांचा अभ्यास झाला ती मुख्य गुणसूत्रावर आढळली आणि प्रयोगशाळेत ती दुसऱ्या जिवाणूंकडे गेल्याचं दिसलं नाही. म्हणजे पुन्हा तोच निकष. जिवाणू दाद देत नाही हा गुन्हा नाही, जनुक हस्तांतर करता येणं हा धोका.

पशुखाद्य: सगळ्याची सुरुवात इथेच झाली

जनावरांच्या खाद्यात अँटिबायोटिक टाकायची पद्धत कशी सुरू झाली माहितीये? १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड कोंबडीच्या पिल्लांना व्हिटॅमिन बी-१२ द्यायचा स्वस्त मार्ग शोधत होते. त्यांनी ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना टाकीत उरणारा गाळ पिल्लांना खायला घातला. पिल्लं अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढली. त्या गाळात उरलेलं अँटिबायोटिकही होतं. तिथून जगभरात वाढीसाठी अँटिबायोटिक देण्याचं पेवच फुटलं.

पण तो गाळ म्हणजे शेवटी काय होतं? अँटिबायोटिक बनवणाऱ्या जिवाणूचाच चोथा. आणि अँटिबायोटिक बनवणाऱ्या जिवाणूला स्वतःच्याच विषापासून वाचावं लागतं, म्हणून त्याच्याकडे त्या औषधाला हरवणारी जनुकं असतातच. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या टाक्यांत स्ट्रेप्टोमायसिन बनायचं, तिथल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूलाही हेच लागू. कॅनडातले शास्त्रज्ञ ज्युलियन डेव्हिस यांनी १९९३ साली दाखवलं की अँटिबायोटिकच्या तयार मालात त्या जिवाणूचा डीएनए शिल्लक राहतो. म्हणजे एकाच पाकिटात औषध आणि त्या औषधाला हरवायची किल्ली.

२००४ मध्ये त्यांच्याच गटाने ॲव्होपार्सिन या पशुखाद्यातल्या औषधात वॅन्कोमायसिनला हरवणारी जनुकं सापडल्याचं प्रसिद्ध केलं. ॲव्होपार्सिन हे वॅन्कोमायसिनचंच भावंड. युरोपात ते वर्षानुवर्षं जनावरांना वाढीसाठी दिलं जात होतं, आणि तिथल्या जनावरांमध्ये वॅन्कोमायसिनला न बधणारे एन्टेरोकोकस सापडत होते. डेन्मार्कने १९९५ ला आणि युरोपीय संघाने १९९७ ला त्यावर बंदी घातली. १ जानेवारी २००६ पासून तर युरोपीय संघात वाढीसाठी अँटिबायोटिक देणंच बंद झालं.

ही पोकळी भरायला पुढे आले प्रोबायोटिक. म्हणजे औषधाऐवजी चांगले जिवाणू द्या. कल्पना उत्तम. पण त्या जिवाणूकडेच उसनी जनुकं असली तर पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने घरात. म्हणून पशुखाद्यातल्या जिवाणूंची तपासणी इतकी कडक करावी लागली.

तपासतात कसं?

युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे 'एफ्सा'ची पद्धत सध्या सर्वांत तपशीलवार आहे. भारतातून तिकडे माल पाठवणाऱ्यांनाही ती पाळावीच लागते.

आधी जिवाणूला अँटिबायोटिकच्या वाढत्या मात्रेत वाढवून पाहतात. अँपिसिलिन, वॅन्कोमायसिन, जेंटामायसिन, एरिथ्रोमायसिन, टेट्रासायक्लिन अशी यादी असते आणि प्रत्येक जातीसाठी ठरावीक मर्यादा. त्या जातीचे सर्वसाधारण जिवाणू जिथे वाढायचे थांबतात तिथे हा थांबला तर ठीक. त्यापुढेही वाढत राहिला तर का, याचं उत्तर द्यावं लागतं.

मग त्याचा संपूर्ण डीएनए वाचतात. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी हे जिवाणूंसाठी बंधनकारक केलं. वाचलेला डीएनए माहीत असलेल्या प्रतिरोधक जनुकांच्या यादीशी ताडून पाहतात. किमान ८० टक्के सारखेपणा आणि जनुकाच्या लांबीचा किमान ७० टक्के भाग जुळला तर ते सापडलं असं धरायचं. उसनं जनुक निघालं आणि ते महत्त्वाच्या औषधाविरुद्ध काम करत असेल, तर असा जिवाणू जिवंत स्वरूपात खाद्यात टाकता येत नाही.

मजूर-जिवाणूंना वेगळा नियम आहे. तयार व्हिटॅमिनमध्ये किंवा एन्झाइममध्ये जिवंत पेशी नकोत आणि डीएनएही नको. डीएनए शोधायची चाचणी इतकी बारीक हवी की एका ग्रॅममध्ये १० नॅनोग्रॅम असला तरी दिसला पाहिजे. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग.

इथे एक प्रश्न तुम्हालाही पडला असेल. कारखानदार मुळात असं जनुक जिवाणूत घालतातच कशाला? तर सोयीसाठी. जिवाणूत नवं जनुक घालायचा प्रयोग लाखातल्या थोड्याच पेशींमध्ये यशस्वी होतो. सोबत अँटिबायोटिकला हरवणारं जनुक जोडून दिलं आणि मग सगळ्यांवर अँटिबायोटिक ओतलं, की यशस्वी झालेलेच वाचतात. निवडणं सोपं जातं. काम झाल्यावर ते जनुक काढून टाकता येतं, पण त्याला वेळ आणि पैसा लागतो. सगळेच काढत नाहीत.

नियम आहेत म्हणून सगळं आलबेल आहे असंही नाही. बेल्जियमच्या सायेन्सानो या संस्थेतल्या शास्त्रज्ञांना अन्नप्रक्रियेत वापरायच्या प्रोटिएज एन्झाइममध्ये जनुकीय बदल केलेला बॅसिलस वेलेझेन्सिस सापडला, तोही औषधांना हरवणाऱ्या जनुकांसकट. २०१९ मध्ये युरोपात त्याची सूचना गेली. पुढे तपासलं तर वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या अनेक एन्झाइममध्ये एकाच मुळाची भेसळ निघाली.

आपल्याकडे काय?

भारतात आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ साली अन्नातल्या प्रोबायोटिकसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. स्ट्रेनची अँटिबायोटिक चाचणी हवी आणि हस्तांतर होऊ शकणारा प्रतिरोध नसावा, हे त्यात स्पष्ट आहे. लेबलवर जिवाणूची प्रजाती, जात आणि स्ट्रेन हे तिन्ही लिहावं असंही म्हटलंय. पण नावच सांगतं, ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २०१९ च्या जुलैमध्ये केंद्राने कोलिस्टिन हे अखेरचा उपाय मानलं जाणारं औषध खाद्य-जनावरांना द्यायला बंदी केली. त्याआधी २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांमधल्या जिवाणूंत त्या औषधाला हरवणारं एमसीआर-१ जनुक सापडलं होतं, तेही प्लाझ्मिडवर.

आपल्या पारंपरिक आंबवलेल्या पदार्थांचीही तपासणी झाली आहे. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ साली भारतीय आंबवलेल्या पदार्थांतल्या लॅक्टिक जिवाणूंमध्ये एरिथ्रोमायसिन आणि टेट्रासायक्लिनला हरवणारी जनुकं सापडल्याचं दाखवलं. ती तिथे आली कुठून? जनावरं, शेण, पाणी, दूध काढणाऱ्याचे हात, हे सगळं एकमेकांना जोडलेलं आहे.

घरातलं विरजण तर याचं जुनं मोजमाप आहे. गाईला कासदाह झाला की तिला अँटिबायोटिक देतात आणि त्यानंतर काही दिवस तिचं दूध विकायचं नसतं. ते विकलं तर दुधातल्या औषधाने विरजणातले जिवाणू मरतात आणि दही लागत नाही. डेअरीत याच तत्त्वावर चाचणी असते. उष्णतेत वाढणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू जांभळ्या रंगाच्या माध्यमात ठेवतात, त्यात दूध घालतात. जिवाणू वाढला तर आम्ल होऊन रंग पिवळा होतो. जांभळाच राहिला तर दुधात अँटिबायोटिक आहे. आता विचार करा, अशा दुधात कुठलं विरजण तग धरेल? ज्याच्याकडे औषधाला हरवणारं जनुक आहे तेच.

मग दही खायचं की नाही? खायचं. आंबवलेल्या पदार्थांचे फायदे आहेत, आणि दवाखान्यात दिसणाऱ्या न बधणाऱ्या संसर्गांचं खापर दह्यावर फोडायला आधार नाही. इडली-डोसा तर वाफेवर किंवा तव्यावर जातो, त्यातले जिवाणू मरतातच. फार आजारी, प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांना आणि कमी दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक द्यायचं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच द्या.

विकत घेताना एक गोष्ट सहज करता येते. पाकीट उलटं करून जिवाणूचं पूर्ण नाव शोधा. 'लॅक्टोबॅसिलस' एवढंच लिहिलं असेल तर ते एखाद्याचा पत्ता 'पुणे' असा सांगण्यासारखं आहे. नावापुढे अक्षरं-आकड्यांचा स्ट्रेन क्रमांक असेल तर त्यावर झालेलं काम शोधता येतं. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या प्रजातीचे २५ भाग पाडले गेले, त्यामुळे आपला रॉयटेरी आता लिमोसिलॅक्टोबॅसिलस झालाय. नाव बदललेलं दिसलं तर घाबरू नका, क्रमांक जुळतो का पाहा. हा लेख लिहिताना मी आमच्या फ्रिजमधली प्रोबायोटिक दह्याची वाटी काढून पाहिली. झाकणावर 'चांगले बॅक्टेरिया' असं लिहिलं होतं, खाली हसणारं पोट काढलं होतं. क्रमांक कुठेच नव्हता. कंपनीला मेल केलाय, उत्तर अजून आलेलं नाही.